रेस्ट हाऊसातला समुद्र

मी पेंटर. चित्रकार नाई, बोर्डवाला. शाळेत दुसरीपर्यंत गेलो, तेही मास्तर माह्या बापाचे दोस्त होते म्हणून. वाचाले मी आताही अडखळतो. हे जे तुमी वाचून राह्यले ते माह्या सुनेनं लिहिलं, मी बाजेवर बसून सांगतलं. ती मधामधात म्हणे, "मामाजी, असं कोणी लिहीत नाई." मी म्हणलो, "लिही व. वाचणाऱ्याले समजते."

लोकं विचारते, वाचता येत नाई त बोर्ड कसा रंगवते हा? सोपं हाय. तुमी 'क' लिहिता, मी 'क' काढतो. गिऱ्हाईक कागदावर लिहून देते. त्या कागदावर मी चौकटी पाडतो, बोर्डावर सुताले खडू लावून तेवढ्याच मोठ्या चौकटी पाडतो, अन् एकेक चौकट इकून उचलून तिकडं नेऊन ठेवतो. चांद्याले, म्हणजे तुमच्या चंद्रपुरात, सलूनवाल्यापासून टायरवाल्यापर्यंत, विहाराच्या कमानीपासून मारुतीच्या देवळापर्यंत मी रंगवलं. त्याच्यात काय लिहिलं होतं ते मले इचारू नका.

अक्षरात माह्या हाताले तोड नव्हती. चित्रात होती. राजुऱ्याकडच्या एका पाटलानं घराच्या भिंतीवर आपली बैलजोडी काढाले लावली. चार दिवस खपलो. पाटील समोर उभा राह्यला, मान तिरपी केली अन् म्हणे, "बेस हाय. पण दोन्ही बैल तुह्यासारखे काऊन दिसून राह्यले?" घरी येऊन आरशात पाह्यलं. पाटील खोटा नव्हता.

आता समुद्राचं सांगतो. तोपर्यंत मी पाह्यलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे ताडोब्याचा तलाव अन् पुरातली वर्धा नदी. ऐंशीच्या पुढचं साल असन. जंगल खात्याचं काम भेटलं. मोहर्लीकडच्या जंगलात रस्त्यानं बोर्ड लावाचे होते. 'वणवा लावू नका', 'गाडी हळू चालवा', अन् एका बोर्डावर वाघ. राहाची सोय एका जुन्या रेस्ट हाऊसच्या मांगच्या खोलीत. इंग्रजाच्या टायमाचा बंगला, उंच कवेलूचं छप्पर, आत भिंतीत शेकोटी. तिथले चौकीदार देवाजीभाऊ मडावी. तीस वर्षापासून तिथीच, रिटायर व्हाले वर्षभर राह्यलेलं. संगं त्यायची बायको तानाबाई. ते दोघं, मी, अन् बाकी सगळे वांदरं.

दोन-चार दिवसात जंगल खात्याचे साहेब दौऱ्यावर आले. नवीन होते, पुण्याकडचे, एकदम शुद्ध बोलणारे. जीपमधून उतरले अन् माह्या वाघाच्या बोर्डासमोर उभे राह्यले. गंज वेळ उभे राह्यले. मले वाटलं, आवडला.

"पेंटर, याच्या खाली 'वाघ' असं लिहून टाक."

"काऊन जी?"

"लोकांना मांजर वाटेल."

मंग साहेब आत गेले. शेकोटीच्या वरतं एक चौकट टांगून होती, बाजेएवढी मोठी. चौकट सागाची, नकशीची. अन् आत काळं. तव्याच्या बुडासारखं निस्तं काळं.

"हे काय आहे?"

देवाजीभाऊ म्हणे, "चित्र हाय जी. समुद्राचं. पाच जहाजं हायेत."

साहेबानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "कुठे?"

म्हाताऱ्यानं बोट लावून दाखवलं. हे एक, हे दोन, इथी मोठं, इथी लहान. काळ्यावर काळं. साहेबाले हसू आलं. "पेंटर, यावर पांढरा मार आणि आपल्या रेंजचा नकाशा काढ. फ्रेम चांगली आहे. मी आठ दिवसांनी येतो."

मले काय, काम वाढलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच चौकट खाली उतरवली, पांढऱ्याचा डबा फोडला, ब्रश बुडवला. त देवाजीभाऊ मधात येऊन उभे राह्यले.

"पेंटर, थांब. आत जहाजं हायेत."

"भाऊ, आत कोळसा हाय."

तानाबाई झाडून राह्यली होती. ती झाडणं न थांबवता म्हणे, "वीस वर्ष झाले मले इथी येऊन. दुसऱ्यायचे माणसं बायकोकडं पाहते, आमचं हे त्या काळ्या फळीकडं पाहते. जेवताना जहाज, बिडी पेताना जहाज. मले त बाप्पा एक होडकं बी दिसलं नाई."

देवाजीभाऊनं तिच्याकडं लक्ष देल्लं नाई. मले म्हणे, "मी नवीन लागलो तवा साफ दिसे. मोठं आभाळ, वादळाचं. पाच जहाजं, वाऱ्यानं तिरपे झालेले. चार मोठे. अन् कोपऱ्यात एक लहान डोंगा, त्याच्यात तीन माणसं. ते तिघं घरी पोचले का नाई, एवढाच इचार मी इतके वर्ष करून राह्यलो. तू त्यायच्यावर पांढरा मारला त ते मेलेच समज."

मी ब्रश डब्यात टाकला. मले दया आली असं समजू नका. मले पाहाचं होतं, जहाज कसं असते.

रिठ्याचं पाणी केलं, कापूस घेतला अन् एका कोपऱ्यातून सुरू झालो. कापूस काळा होऊन राह्यला, मी फेकून राह्यलो. घंटाभरानं नाकात वास भरला. ओळखीचा वास. मोहाच्या तेलाचा.

"भाऊ, ह्याले तेल कोणं लावलं?"

"मीच. दर दिवाळीले लावतो. दरवाजे, खुर्च्या, टेबल, सगळ्यायले मोहाच्या बियाचं तेल. कीड लागत नाई, लाकूड टिकते. ह्याले दोन हात जास्तीचे. जपाची वस्तू हाय ना."

मले तोंड आवरत नाई, ही माही जुनी बिमारी. मी हसत म्हणलो, "मंग बसली ना जहाजं डांबरात! खालून शेकोटीचा धूर, वरून तुमचं तेल. तीस दिवाळ्या. दुसऱ्या कोणं केलं नाई भाऊ, तुमीच काळं केलं."

देवाजीभाऊ खाली बसले. भिंतीले पाठ लावून, दोन्ही हात गुडघ्यावर. मले वाटलं, जीभ कापून त्या कापसातच फेकून द्यावी. तेव्हापासून मी जे घासलो ते काही जहाज पाहाले घासलो नाई.

रिठ्यानं वरचं निघालं, खालचं निघेना. मंग टर्पेंटाइन घेतलं, थोडं थोडं, पोराच्या डोळ्यातलं काजळ पुसावं तसं. तिसऱ्या दिवशी दुपारी एका जागी उजेड निघाला. पिवळसर पांढरा, तिकोना. जहाजाचं कापड, ज्याले शीड म्हणते ते. तानाबाई चहा घेऊन आली अन् तिथीच थांबली.

"माय व! खरंच हाय की."

देवाजीभाऊनं पाह्यलं. मले वाटलं, आता बायकोले सुनावते हा माणूस, वीस वर्षाचं एकदाच काढते. त उठले, अंगणात गेले अन् लाकडं फोडाले लागले. फोडलेल्या लाकडाचा ढीग छपराले लागून राह्यला होता, तरी फोडले.

एक गोष्ट सांगतो. मले वाटे समुद्र निळा असते. कॅलेंडरात निळा असते. मी निळा सापडते म्हणून घासतच राह्यलो, घासतच राह्यलो. निघाला हिरवट मातकट, चिखलणी केलेल्या धानाच्या बांधीसारखा, अन् त्याच्यावर फेस. अन् आभाळ! चित्राचा पाऊण हिस्सा आभाळच खाऊन बसलेलं. ढग असे का आता अंगावर येते. जहाजं त्याच्या खाली इतकुशी.

जवळून पाह्यलं त त्या लाटा म्हणजे निस्ते ब्रशाचे फटके. माह्या हाताखालच्या पोरानं असं काम केलं असतं त मी त्याले हाकललं असतं. पण सात पावलं मांग गेलो त लाट उभी राह्यली. परत जवळ आलो, फटके. परत मांग गेलो, लाट. दहा खेपा केल्या. तानाबाई म्हणे, "पेंटरभाऊ, पोट बिघडलं का?" माह्या जिंदगीत मी पयल्यांदा दुसऱ्या पेंटरवर जळलो, अन् तो बी मेलेल्या.

चार जहाजं निघाले. पाचवं, म्हणजे तो लहान डोंगा, कोपऱ्यात. तिथी धुराचा थर सगळ्यात जाड. सहावा दिवस उजाडला, साहेब यायले दोन दिवस. टर्पेंटाइनचं काही चालेना. अन् आता माही हुशारी ऐका. ट्रकाचा जुना रंग काढाले आमी कॉस्टिक सोडा वापरतो. एका पुसण्यात पत्रा दिसते. माह्या पेटीत पुडी होती.

देवाजीभाऊ पाणी भराले गेलते. मी फडकं बुडवलं, कोपऱ्यावर फिरवलं. काळं निघालं, तपकिरी निघालं, अन् डोंगा दिसला. बाप्पा, काय साफ दिसला! तीन माणसं, एकानं डोक्यावर हात धरलेला. ते तिघं माह्याकडंच पाहून राह्यले असं वाटलं. मी खुश होऊन आणखी एक हात फिरवला.

फडक्यावर आले. तिघंही.

चित्रात त्या जागी कोरं कापड, तळहाताएवढं. मी पाणी मारलं, फुंकर मारली, फडकं उलटं दाबून पाह्यलं. फडक्यावरून चित्रावर परत कोणी जात नाई.

देवाजीभाऊ कावड घेऊन आले. लपवून काही फायदा नव्हता. मी म्हणलो, "भाऊ, तुमी पाचही झाकले होते. मी एक पुसून टाकला."

त्यायनं कावड खाली ठेवली. कोपऱ्याकडं पाह्यलं. "तिघंही?"

"तिघंही."

मले वाटलं मारते. मारलं असतं त बरं झालं असतं. मंग म्हणे, "तू काढ."

"भाऊ, मी जहाज पाह्यलं नाई कधी. माह्या वाघाचं काय झालं ते तुमाले ठाव हाय."

"मी सांगतो ना. मी पाह्यलं हाय."

पयला काढला तो धिवराचा डोंगा झाला, वैनगंगेत मासोळ्या मारते तसा. मधात बांबू, बांबूले कापड. तानाबाई म्हणे, "चादर बेस वाळत घातली." पुसला. दुसरा काढला. मले वाटलं, जमला. देवाजीभाऊनं पाह्यलं अन् मुंडी हलवली.

"हा उलटा चालून राह्यला."

"कसा?"

"बाकीच्या चौघायचं वारं इकून येते. हे पाहा, कापडं तिकडं फुगले, झेंडे तिकडं उडून राह्यले. तुह्या डोंग्याचं वारं समोरून येते. एकाच पाण्यात दोन वारे कसे?"

मी पाहातच राह्यलो. त्या माणसानं समुद्र पाह्यला नव्हता, पण वारं पाह्यलं होतं. जंगलात वणवा लागला का आधी वारं पाहा लागते, मंगच पाय उचला लागते. ज्यानं वारं चुकवलं तो घरी येत नाई. त्यायनं मले सांगतलं, पाण्यावरचा फेस कोणीकडं तुटते, माणूस वाऱ्यात कसा उभा राहते, खांदा कोणता खाली जाते. अंगणात स्वतः उभे राहून दाखवलं. मी त्यायलेच काढलं, तिघायच्याही जागी.

तिसरा डोंगा काढला. बोर्डाचेच रंग, पातळ केलेले. अन् काय सांगू तुमाले. सुतानं चौकटी पाडल्या नाई, काही नाई. ब्रशाचे फटके मारले, सात पावलं मांग गेलो, अन् डोंगा पाण्यावर उभा राह्यला. माह्या हातून तेवढं एकच चित्र झालं आजपर्यंत. बाकी सगळे बैल अन् मांजरी.

देवाजीभाऊ म्हणे, "हाव. हेच होते." चौकट परत खिळ्यावर चढली.

आठव्या दिवशी साहेब आले. नकाशा पाहाले आले अन् दारातच थांबले. हात मांग बांधले, जवळ गेले, मांग आले, परत जवळ गेले. मी मनात म्हणलो, ह्यायचंही पोट बिघडलं.

"हे कुणी साफ केलं?"

"मी जी," मी छाती फुगवून म्हणलो.

"अरे, हे फार जुनं विलायती काम आहे. दीडशे वर्षांपूर्वी तिकडचे चित्रकार असंच काढत. आभाळ अफाट, माणूस एवढासा. हे या जंगलात काय करतंय?" मंग ड्रायव्हरकडं वळले. "उतरवा. नीट चादरीत गुंडाळा. चंद्रपूरला माझ्या बंगल्यावर लावू."

देवाजीभाऊच्या हातात चहाचा ट्रे होता. तीस वर्षात ह्या माणसानं साहेबलोकायले 'हो जी'च्या पुढं काही म्हणलं नव्हतं. त्यायनं ट्रे टेबलावर ठेवला.

"साहेब, त्याच्यातला तो लहान डोंगा खोटा हाय. ह्या पेंटरनं काढला."

साहेब माह्याकडं वळले. "खरं आहे का?"

आता पाहा. मी 'नाई' म्हणलो असतो त गोष्ट तिथीच संपली असती. चौकीदारापेक्षा माह्यावर साहेबाचा भरोसा बसला असता. जंगल खात्याचे पुढचे सगळे बोर्ड माहे. मी देवाजीभाऊकडं पाह्यलं. ते माह्याकडं पाहत नव्हते, साहेबाकडंही नाई. ड्रायव्हरनं चौकट उतरवून खाली ठेवली होती, अन् म्हातारा भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडं पाहून राह्यला होता.

"हो जी," मी म्हणलो. "पयला माह्या हातून पुसल्या गेला. हा मी काढला."

साहेब वाकले, कोपऱ्याले नाक लावलं. मंग सरळ झाले अन् चिडले. "खोटं बोलताय दोघं. चित्र जाऊ नये म्हणून. अरे, यातला सगळ्यात चांगला हाच आहे. वाघाचं मांजर करणारा माणूस हे काढेल?"

मले जिंदगीत कोणी एवढं चांगलं म्हणलं नाई, अन् म्हणलं तवा ते माहं हाय हेच मानलं नाई. मी शपथ घेतली. तानाबाईनं घेतली. साहेब हसून राह्यले अन् ड्रायव्हर चादर पसरून राह्यला.

मंग मी पेटीतून टर्पेंटाइन काढलं, फडकं भिजवलं. माहा रंग दोन दिवसाचा, कच्चाच होता. साहेब "अरे अरे" म्हणेपर्यंत मी डोंग्यावर हात फिरवला. एक माणूस गेला. दुसरा गेला. तिसऱ्यापाशी हात थांबला थोडा, त्याचा खांदा लय बेस आलता. पण फिरवला.

खाली कोरं कापड.

साहेबाचं तोंड पाहासारखं झालं होतं. "गाढवांनो," ते म्हणे, "इतकं सुंदर चित्र नासवलंत." मंग वाकून त्या कोऱ्या भोकाकडं पाह्यलं. असं भोक घेऊन बंगल्यावर पाहुण्यायले काय दाखवतील? "राहू दे इथेच. नकाशा कचेरीत लावू. आणि आता याला कुणी हात लावायचा नाही. पेंटर, तू तर नाहीच. तुझं बोर्डाचं काम आजपासून बंद."

जीप धुरळा उडवत गेली. मी पेटी आवरली. वर्षा-दोन वर्षाचं काम गेलं होतं, आता परत सलून अन् टायर. देवाजीभाऊनं चौकट एकट्यानंच उचलून खिळ्यावर चढवली. मंग एक स्टूल आणलं, चित्राखाली ठेवलं, अन् माह्या पेटीतून ब्रश काढून माह्या हातात देल्ला.

"काढ."

"भाऊ, साहेबानं हात लावाची मनाई केली."

"साहेब गेले ना."

"अन् तुमीच त म्हणले, डोंगा खोटा हाय म्हणून."

"खोटा त खोटा. पण त्या तिघायनं कायच्यात बसाचं?"

मी स्टुलावर चढलो. संध्याकाळपर्यंत काढला, पुसला, काढला. देवाजीभाऊ अंगणात खांदा वाकवून उभे राह्यले, तानाबाईनं कंदील धरला. जो झाला तो झाला. वारं बरोबर हाय, तिघंही बसलेले हायेत, पण परवाच्या डोंग्याची बरोबरी नाई. तो परत आला नाई हातात, आजपर्यंत आला नाई. जो चांगला होता तो नीट पाहणारे जगात आमी चौघंच. त्याच्यातले देवाजीभाऊ अन् तानाबाई आता नाईत, माह्या बोलण्यावर कोणी भरोसा करत नाई, अन् साहेबाले इचाराले जाल त ते म्हणतील, तो त्या विलायती पेंटरचा होता.